पिनकोडापायी

साखऱ्यात नाद असणं वाईट समजत नाहीत. कुणाला भजनाचा असतो, कुणाला खोंडांचा, कुणाला ग्रामपंचायतीचा. नादापायी दोन एकर विकलेल्या माणसालाही पारावर जागा सरकवून देतात. अट एकच, नाद कशाचा आहे ते चारचौघांत सांगता आलं पाहिजे. माझं घोडं तिथेच पेंड खातं. मी गावात किराणा दुकान चालवतो. एका रात्री बायकोनं दिवा का जळतोय म्हणून विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगून टाकलं, "४३१५१३ ला ४६३ नं भागतोय. तीनच कमी पडले गं." तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता, म्हणून ती जास्तच घाबरली.

हे सगळं जिऱ्याच्या पुडीपासून सुरू झालं. पुड्या बांधायला मी रद्दी घेतो. त्या दिवशी हातात आलेल्या पानावर काळी टोपी घातलेल्या एका मास्तरांची गोष्ट होती. गिऱ्हाईक समोर उभं, जिरं तागडीत, आणि मी वाचतोय. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, १९२७ साली रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस, आणि मग १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तरकी. विद्यापीठात खुर्ची नाही, हाताखाली कुणी नाही. नुसते आकडे घ्यायचे आणि त्यांच्याशी खेळायचं. इथले विद्वान नाकं मुरडत राहिले. मग १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या एका नामांकित मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि देवळालीचं नाव जगभर गेलं.

गिऱ्हाईक म्हणालं, "जिरं द्या, न्हाईतर कागद तरी द्या." मी जिरं दुसऱ्या कागदात बांधलं.

कापरेकरांची गंमत अशी की त्यांनी आकड्यांची वर्गवारी लावून दिली. एखाद्या संख्येच्या अंकांची बेरीज करा. त्या बेरजेनं ती संख्या भागली गेली, तर ती हर्षद. १७२९ घ्या. १, ७, २, ९ मिळून १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. ४५ चा वर्ग करा, २०२५ येतो. तो मधोमध तोडून २० आणि २५ मिळवले की पुन्हा ४५. ही कापरेकर संख्या. डोंबिवलीच्या स्टेशनात सुचल्या म्हणून काही संख्यांना त्यांनी त्या स्टेशनच्या जुन्या नावावरून डेम्लो म्हटलं. माणसाला जातीचा दाखला काढायचा तर पणजोबाची कागदं घेऊन खेटे घालावे लागतात. संख्येला भागाकार केला की दाखला हातात, आणि एकाच संख्येला पाच-पाच दाखले मिळाले तरी कुणी हरकत घेत नाही.

मला वाटलं, देवळालीच्या मास्तरांना जमलं ते साखऱ्याच्या वाण्याला का जमू नये? फक्त आपला म्हणून एक आकडा हवा होता. मोबाइलचा नंबर कंपनीचा, आधारचा सरकारचा, सातबाऱ्यावरचा गट नंबर चुलत्याशी वादात. मग नजर गेली पत्रांवर. गावाच्या नावानं काही फजिती झाली तर पारावर बसणं मुश्कील होईल, म्हणून मी शहाणपणानं जिल्ह्याच्या ठिकाणाचा पिनकोड निवडला. हिंगोली, ४३१५१३.

या आकड्यालाही मराठी कूळ आहे. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या डोक्यातून. केंद्र सरकारात मोठे अधिकारी, आणि संस्कृतात काव्यं-नाटकं लिहिणारा माणूस. पहिला अंक विभागाचा. चार म्हणजे आपण, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिल्या तिनांवरून टपालाची जिल्हावार छाननी, शेवटच्या तिनांवरून पोस्ट ऑफिस. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा निघाला १ मे १९९९ ला. म्हणजे पिनकोडची पद्धत आमच्या जिल्ह्यापेक्षा पंचवीसहून जास्त वर्षांनी वडील.

तर मी चार लाख एकतीस हजार पाचशे तेराची कुंडली मांडायला बसलो. आधी हर्षद. अंकांची बेरीज १७. सतरानं भागलं, बाकी दोन. हिंगोलीला हर्ष नाही. मन खट्टू झालं, पण दोनानंच हुकलं म्हणून समाधान मानलं.

मग स्वयंभू. कापरेकरांची ही कल्पना फार नामी आहे. कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की पुढची संख्या जन्मते. ९१ मध्ये १० मिळवले की १०१. पण ९७ सारख्या काही संख्या अशा कुणाच्याच पोटी येत नाहीत, त्या स्वयंभू. औंढ्याचा नागनाथ आमच्याच जिल्ह्यात, तेव्हा पिनही स्वयंभू निघावा अशी माझी फार इच्छा होती. मी बरंच मागून सुरुवात करून पुढे पुढे शोधत आलो आणि ४३१४९१ पाशी थबकलो. अंकांची बेरीज २२, मिळवले की नेमके ४३१५१३. बाप सापडला. स्वयंभूपण गेलं. तेवढ्यात सवयीनं पुढचं ४३१५०० करून पाहिलं. बेरीज १३. मिळवली. पुन्हा ४३१५१३!

दोन बाप. हे घरात मोठ्यानं सांगण्यासारखं नव्हतं. पण कापरेकरांनी अशा संख्यांना जंक्शन म्हटलंय हे कळल्यावर मी जागेवरून उठलोच. आमच्या भागात जंक्शन म्हटलं की पूर्णा. अकोला-पूर्णा मार्गावर हिंगोली हे आपलं साधं स्टेशन. रेल्वेनं जे दिलं नाही ते एका बेरजेनं दिलं. सकाळी पहिल्याच गिऱ्हाइकाला मी बातमी दिली, "हिंगोली जंक्शन झालं!" दुपारपर्यंत ती पारावर पोचली आणि संध्याकाळी एक जण नवी लाइन कुणाच्या शेतातून जाणार, मोबदला काय भावानं, हे विचारायला आला.

त्यानंतर मूळ संख्येचं खूळ. ४३१५१३ ला एक आणि ती स्वतः सोडून आणखी कुणी भागतं का? तिचं वर्गमूळ ६५७ च्या जरा अलीकडे येतं, म्हणून ६५३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. अशा संख्या ११९ आहेत. दुकानात वेगळी वही नव्हती, उधारीची होती. "गोडेतेल १ किलो, चहापत्ती पाव, काडेपेटी २" याच्या शेजारी मी भागाकार मांडत गेलो. ७ नं बाकी ५, ११ नं ५, १३ नं ४. ४६३ नं तर बाकी ४६०. तीनच आणखी असते तर सुटलं असतं, आणि माझं रात्रीचं जागरणही. शेवटी ६५३ नं बाकी ५३३ उरली आणि हिंगोली मूळ ठरली! कुणाच्या बापाला न तुटणारी. मी पुतण्याला उठवून सांगितलं. त्यानं उशाचा मोबाइल घेतला, आकडा टाकला आणि कूस बदलता बदलता म्हणाला, "हाव काका, प्राइमच दाखवतंय. झोपा आता."

यानंतर शहाणा माणूस गप्प बसला असता. पण २२ डिसेंबर जवळ आला. रामानुजन यांचा जन्मदिवस, २०१२ पासून देशात राष्ट्रीय गणित दिवस म्हणून पाळतात. गावातल्या शाळेत ठरलेले पाहुणे ऐनवेळी आले नाहीत. गुरुजी साखर घ्यायला दुकानात आले होते, त्यांची नजर उधारीच्या वहीवर गेली आणि मी प्रमुख पाहुणा झालो. शाल, नारळ आणि खडू मिळाला.

सुरुवात झकास झाली. मी म्हटलं, "तीन अंकी संख्या सांगा. तिन्ही अंक सारखे नकोत." एक पोरगा म्हणाला, "४३१." पिनचे पहिले तीन! मी गहिवरलो. अंक उतरत्या क्रमानं लिहायचे, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करायचे, उत्तराचं पुन्हा तेच. ४३१ वजा १३४, २९७. ९७२ वजा २७९, ६९३. ९६३ वजा ३६९, ५९४. ९५४ वजा ४५९, ४९५. आणि ४९५ चं पुन्हा ४९५. "कुठलाही आकडा घ्या," मी टेबलावर हात आपटला, "शेवटी ४९५ येणार म्हणजे येणार!" टाळ्या पडल्या. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते मला महागात पडणार आहे.

मग चार अंकी. इथे सगळे रस्ते ६१७४ ला मिळतात, आणि तेही फार तर सात पायऱ्यांत. कापरेकरांनी १९४६ च्या सुमारास शोधलेला हा त्यांचा सगळ्यात गाजलेला आकडा. सहावीतली एक मुलगी उठली, "२१११." मी फळ्यावर मांडलं, २१११ वजा १११२, ९९९. पुढची पायरी, ९९९ वजा ९९९. फळ्यावर भलंमोठं शून्य. मी शून्याकडे पाहतोय, शून्य माझ्याकडे. मागच्या बाकावरून आवाज आला, "सोडा काका, भारतानं लावलेला शोध आहे."

मुलगी अजून उभीच होती. "काका, चार आकडी चाललंय ना? मंग ९९९ च्या अलीकडं शून्य द्या की." तिनं माझ्या हातातला खडू घेतला. ९९९० वजा ०९९९, ८९९१. ९९८१ वजा १८९९, ८०८२. ८८२० वजा ०२८८, ८५३२. ८५३२ वजा २३५८, ६१७४. गुरुजींनी शालीकडे एकदा पाहिलं. ती माझ्या खांद्यावरच राहिली, हा त्यांचा मोठेपणा.

खरी पंचाईत पुढे होती. पोरं घरी गेली आणि सांगती झाली, कुठलाही आकडा घ्या, शेवटी ४९५ येणारच, दुकानवाल्या काकांनी फळ्यावर काढून दाखवलं. गावात असे काही कान आहेत ज्यांना तीन आकडी म्हटलं की एकच गोष्ट ऐकू येते. मटक्यात पान्याचे आकडे चढत्या क्रमानं लावतात, म्हणून ४९५ चा झाला ४५९. बेरीज १८, म्हणजे ओपन आठ्ठा. पोरानं वहीत उतरवून आणलेल्या गणितात ४५९ आयताच लिहिलेला! एवढा फिक्स पाना साखऱ्यात आजवर कुणी दिला नव्हता. त्या संध्याकाळी कुणी किती लावले ते मला कळलं नाही. लागलं काहीच नाही, एवढं रात्री कळलं, कारण चौघं जण दुकानाच्या फळ्या लावू देईनात.

"तुमीच मनले ना, येनार मंजी येनार?"

"अहो, ते वजाबाकीनं येतं," मी समजावलं.

"वजाबाकी झालीच की. आमच्या खिशातून."

बोलवा फुटली की किराणा दुकानाच्या आड चिठ्ठ्या घेतात. चार-सहा दिवसांत बीट जमादार चहाच्या निमित्तानं येऊन टेकले. गल्ल्याशेजारची वही त्यांनी सहज म्हणून उचलली. नेमकं ते पान उघडलं, जिथे मी पिनलाच कापरेकरांच्या घाण्यात घातलं होतं. सहा अंकी संख्या सगळ्या एकाच मुक्कामाला जात नाहीत. ४३१५१३ तर चार पायऱ्यांत ४२०८७६ वर पोचते, आणि तिथून ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ अशी वणवण करून पुन्हा ४२०८७६ वर. तलाठ्यानं मंडळ अधिकाऱ्याकडे, त्यानं तहसीलला आणि तहसीलनं पुन्हा तलाठ्याकडे पाठवलेल्या फेरफारासारखी ती कायमची फिरत राहते.

जमादारांनी बोट ठेवलं. "चारशे वीस?"

"साहेब, ते सात आकड्यांचं चक्र आहे. एकदा माणूस शिरला की सुटका नाही."

"चक्र चालवतं कोण?"

"कापरेकर."

"कुठला?"

"देवळालीचा. नाशिककडचा."

"सध्या कुठंय?"

"१९८६ ला वारले."

जमादार बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. कायद्यातलं ४२० कलम १ जुलै २०२४ पासून जाऊन त्याच्या जागी ३१८ आलंय, हे मला ठाऊक होतं. पण वर्दीला कलम सांगण्याइतका माझा नाद अजून वाढलेला नव्हता. त्यांनी वही मिटली, चहा संपवला आणि जाताना बायकोला हळूच म्हणाले, "ताई, यांना जरा मोकळ्या हवेत नेत जा."

म्हणून मी पारावर जाऊन बसलो. तिथे एका मामांनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं, "पर याचा उपेग काय?"

मी सांगितलं, मोठमोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी गुप्त संदेशाचं कुलूप बसवलं, आणि असल्या कुलपांच्या भरवशावर मोबाइलवरून पैशांची देवघेव चालते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जी सगळ्यात मोठी मूळ संख्या सापडली तिच्यात चार कोटी दहा लाखांवर अंक आहेत. "त्यातली हिंगोलीची कितवी?" मामांनी विचारलं. मी विषय बदलला. हार्डीसारख्या थोर गणितज्ञानं १९४० साली अशा अंकांच्या करामतींना कोड्यापुरत्या म्हणून बाजूला सारलं, ते का, हे सांगू लागलो. हर्षद, स्वयंभू, जंक्शन हे सगळं आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून. आठाच्या पटीत मोजलं असतं तर हे दाखले नव्यानं काढावे लागले असते. मूळ संख्या मात्र कशीही लिहा, मूळच राहते.

"दहाच्या पटीत कामून मोजतो?"

"हाताला बोटं दहा म्हणून."

मामांनी उजवा हात पुढे केला. एक बोट कडबा कापायच्या मशीननं नेलेलं. "माझी नऊच हायती. मंग माझा हिशोब येगळा का?" पारावर जो हशा उठला, त्यात मीही सामील झालो. नऊ बोटांच्या हिशोबातही ४३१५१३ मूळच राहते, हे मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "मग बरं हाय," आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला खरोखर समाधान दिसलं. कापरेकरांचे आकडे दहा बोटांचे असले म्हणून काय झालं? खेळणारी माणसंही बहुतेक दहा बोटांचीच असतात. फर्मा नावाच्या फ्रेंच माणसानं सांगून ठेवलंय की चारानं भागून बाकी एक उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते, आणि तीही एकाच रीतीनं. ४३१५१३ ला चारानं भागा, बाकी एक. ते दोन वर्ग शोधत मी वहीची पानंच्या पानं भरली, आणि ५७२ चा वर्ग अधिक ३२३ चा वर्ग हे जुळलं तेव्हा जो आनंद झाला, तो कुठल्याही भावानं हळद विकून झाला नसता.

तो आनंद गुढीपाडव्यापर्यंत टिकला. पाडव्याला बायको वही घेऊन उधारी वसुलीला बसली. पहिलेच आले नऊ बोटांचे मामा. बायकोनं पान काढलं, डोळे बारीक केले, पुन्हा वाचलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "मामा, तुमच्या नावावर तीन लाख सत्तावीस हजार एकशे चौऱ्याऐंशी दिसतायत."

तो ५७२ चा वर्ग होता. जागा रिकामी दिसली म्हणून मी मामांच्या पानावर केला होता. मामांची खरी उधारी त्याखाली कुठेतरी दबली होती.

"सावकारानं बी एवढं याज लावलं नसतं गं बाई!" मामा खाली बसले. शेजारी त्यांचे साडू उभे होते, त्यांचं पान निघालं एक लाख चार हजार तीनशे एकोणतीसचं. तो ३२३ चा. मी मध्ये पडलो, समजावून सांगितलं की दोघांची मिळून बेरीज बरोबर ४३१५१३, म्हणजे हिंगोली.

मामांनी साडूकडे पाहिलं. "मंजी आपून दोघांनी मिळून हिंगोली इकत घ्यायची म्हना की!"

खरी उधारी त्यांनीच आठवून सांगितली आणि पै न पै चुकती केली. बाकीच्यांनीही आपापली आठवून सांगितली. कुणाची आठवण किती पक्की होती, याचा हिशोब आम्ही लावला नाही. संध्याकाळी बायकोनं दुकानातलीच एक दोनशे पानी वही माझ्यापुढे ठेवली आणि नव्या उधारीच्या वहीत पहिलं खातं माझ्या नावानं उघडलं : वही १, रुपये ६०, बाकी.

सहा आणि शून्य मिळून सहा. सहानं साठ भागले जातात. हर्षद आहे, हे मी तिला सांगितलं नाही.